तीन बोटांची फट

बावन्न वर्षांची झाली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी घरात तिचं नाव धाकटीच. हाक मारणारी एकटी मोठी बहीण, आणि त्या ताईपुढे धाकटीने मोठं होणं या जन्मी तरी शक्य नव्हतं. कामावर तिला पट्टेवाली म्हणत. शहराच्या रस्त्यांवर पांढरे पट्टे मारायचं काम ती तीस वर्षं करत होती. माणसं त्या पट्ट्यांवरून रोज ये-जा करतात आणि ते कोणी मारले असतील हा प्रश्न एकालाही पडत नाही. जणू पट्टे डांबरातूनच उगवतात. धाकटीला त्याचं काही वाटत नसे. म्हणजे वाटत असे, पण बोलून दाखवायला वेळ कोणाकडे होता?

पट्टे मारणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. दिवसाचं काम संपलं की ब्रशात उरलेला रंग फुकट घालवायचा नाही, शेवटच्या पट्ट्याशेजारी त्याची एक बारीक खूण काढायची. ज्याची त्याची खूण ठरलेली. मुकादम ठिपका देत असे, कोणी आकडी काढे, एक जण मासा काढायचा आणि तो नेहमी भोपळ्यासारखा दिसायचा. लोकांच्या नजरेत न येणारी, आपल्याच जातभाईंना कळणारी ही सही. धाकटीची खूण म्हणजे वहीत असते तशी बरोबरची खूण होती. आखूड पाय आणि लांब शेपूट.

ती तिने ताईकडून उचलली होती. ताई शाळेत भूमिती शिकवायची. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घरी आणायची आणि लाल पेनने सपासप खुणा करत सुटायची. फूटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढायला धाकटीला तिनेच शिकवलं. "पेन्सिलीच्या टोकाकडे बघू नकोस, जिथे पोहोचायचंय तिथे बघ," हे तिचं एकच सांगणं, आणि त्या एका सांगण्यावर धाकटीने तीस वर्षं पोट भरलं.

मग ताईच्या पाठीच्या कण्याने दगा दिला. पस्तिशीत पाय गेले, शाळा सुटली, चाकाची खुर्ची आली. धाकटी तिला घेऊन बसने हिंडायची. जुन्या बसला तीन पायऱ्या होत्या. मागून धाकटी, पुढून ड्रायव्हर किंवा एखादा भला प्रवासी, अशी खुर्ची वर चढे. अकरा वर्षांपूर्वी अशीच चढवत असताना रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आधी सामान चढू द्या, मग आपण." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावं. त्या दिवशी ताई घरी आली, खुर्ची खिडकीशी नेली आणि म्हणाली, "आजपासून मला कोणी उचलायचं नाही." ताईने एकदा म्हटलं की ते फळ्यावर लिहिल्यासारखं, आणि डस्टरही तिच्याच हातात. तेव्हापासून दवाखान्याची गाडी सोडली तर तिचं जग म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, गल्लीचं टोक आणि ती खिडकी. घर रस्त्याच्या वळणावर, अगदी खोलगट जागी. दोन्ही बाजूंना असा चढ की खुर्ची ढकलताना धडधाकट माणसाच्याही नाकी नऊ येत.

धाकटी रोज घरी येऊन तिला आपल्या खुणांचा पत्ता सांगायची. आज बाजार चौकात काढली, आज पाण्याच्या टाकीपाशी, आज दवाखान्याच्या फाटकासमोर. ताई ऐकायची आणि विचारायची, "सरळ आली का?" धाकटी म्हणायची, "सुतात आली." तपासायला जाणं आता शक्य नव्हतं, त्यामुळे ताईला विश्वास ठेवावा लागे, आणि विश्वास ठेवणं हा काही ताईचा स्वभाव नव्हता.

या शहराने ट्रामचं स्वप्न पंधरा वर्षं पाहिलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी मोजणी व्हायची, कागदावर सुंदर चित्रं निघायची आणि खर्चाचा आकडा ऐकून सगळे गप्प व्हायचे. रूळ घालायचे तर अख्खा रस्ता खणा, खालचे नळ आणि केबली हलवा, वर तारा टांगा. शेवटी एक तरुण इंजिनीअर बाई आल्या आणि म्हणाल्या, ट्राम राहू द्या. बसच आणू, पण ट्रामसारखी शहाणी. रूळ नाहीत, तारा नाहीत. रस्त्यावर दोन तुटक पट्टे आणि बसच्या कपाळावर कॅमेरा. कॅमेरा पट्टे वाचत जाईल, चाकं आपोआप वळतील, ड्रायव्हरने वेग आणि ब्रेक तेवढा सांभाळायचा. ट्रामच्या एका मार्गाच्या पैशात असे चार मार्ग होतील. लोकांनी लगेच नाव ठेवलं, "ट्रामची सावत्र बहीण." नावं ठेवायला या शहरात खर्च येत नाही.

धाकटीला मात्र त्यातली एकच गोष्ट ऐकू आली. प्रत्येक थांब्यावर बसच्या तळाच्या उंचीचा फलाट असणार होता, आणि पट्ट्यांवरून येणारी बस त्याला इतकी चिकटून उभी राहणार होती की खुर्ची सरळ आत जाईल. पायऱ्या नाहीत, उचलणं नाही. आणि एक थांबा होता वळणावर, त्यांच्या खिडकीपासून वीस पावलांवर.

"ऐकलंस का ताई, रुळांच्या जागी माझे पट्टे!" त्या संध्याकाळी ती दारातूनच ओरडली.

"आधी पाय पूस," ताई म्हणाली. पण त्या रात्री तिने खुर्चीच्या चाकांना तेल घातलं.

पट्ट्यांचं काम पाच महिने चाललं. साधा पट्टा दोन बोटं सरकला तर कोणाच्या बापाला कळत नाही, पण हे पट्टे यंत्र वाचणार होतं. धाकटीने डोळ्यांत तेल घालून काम केलं. वळणावरच्या थांब्याची पाळी आली तेव्हा तिने टोळीतल्या कोणाला ब्रशाला हात लावू दिला नाही. ताई खिडकीतून बघत होती; तीस वर्षांत पहिल्यांदाच धाकटीला काम करताना ती डोळ्यांनी पाहत होती. शेवटचा तुकडा रंगवून झाल्यावर धाकटीने ब्रशात मुद्दाम जरा जास्त रंग ठेवला आणि खिडकीच्या बरोबर समोर, फलाट सुरू होण्याच्या थोडं अलीकडे, आपली खूण काढली. नेहमीपेक्षा मोठी, वीतभर. आखूड पाय, लांब शेपूट, तोंड खिडकीकडे.

ताईने काचेआडून बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. एवढंच. पण धाकटी त्या दिवशी घरी येताना रस्ताभर शीळ घालत होती.

मग चाचण्या सुरू झाल्या. इंजिनीअर बाईंकडे लाकडाचा एक ठोकळा होता, तीन बोटं जाडीचा. बस थांबली की त्या वाकून तो फलाट आणि बस यांच्यातल्या फटीवर धरत. ठोकळा अडकला तर थांबा पास, खाली पडला तर नापास. खुर्चीची पुढची छोटी चाकं त्याहून मोठ्या फटीत सापडतात, म्हणून हा नियम. प्रत्येक थांब्यावर सलग दहा फेऱ्या, आणि दहाही वेळा ठोकळा अडकायला हवा. तीन संधी मिळणार होत्या. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर तो थांबा रद्द.

बाकीचे सगळे थांबे पहिल्या आठवड्यात पास झाले. वळणावरच्या थांब्यावर दहापैकी सहा वेळा ठोकळा फटीतून खाली गेला. दर वेळी त्याचा टक्क असा आवाज व्हायचा.

"वळणाचा दोष आहे," इंजिनीअर बाई म्हणाल्या. "बस लांब आहे, वळणातून निघून सरळ व्हायला जागा कमी पडते. मला वाटतं, हा थांबा सोडून द्यावा लागेल."

धाकटी चेहरा पाडून घरी आली. ताई मात्र खिडकीशी कागद-पेन घेऊन बसली होती. कागदावर दहा फेऱ्यांच्या दहा ओळी होत्या.

"वळणाचा दोष नाही," ताई म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मी दहाही वेळा बघितलंय. बस वळणातून छान सरळ होते. मग पुढे येऊन दचकते. अशी." तिने खुर्चीवर खांदा उडवून दाखवला. "दर वेळी एकाच जागी. इथे, खिडकीसमोर. काहीतरी पायात आल्यासारखी. मग फलाटापर्यंत सावरायला तिला वेळच राहत नाही."

खिडकीसमोर. धाकटीने बाहेर पाहिलं. काचेपलीकडे, काळ्याभोर डांबरावर, तिची वीतभर खूण उन्हात चमकत होती. कॅमेरा बिचारा पांढरं दिसेल ते वाचतो. पट्टा कोणता आणि कौतुक कोणतं हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. ताईला दाखवायला म्हणून काढलेली खूणच ताईच्या आड आली होती.

"काय झालं? चेहरा का असा?" ताईने विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं," धाकटी म्हणाली. ताईशी ती सहसा खोटं बोलत नसे, कारण पचत नसे.

खरं तर त्याच वेळी जाऊन सांगायला हवं होतं. पण मंजूर झालेल्या पट्ट्यांना लेखी हुकमाशिवाय हात लावायचा नाही, असा कडक नियम होता, आणि मुकादमाने टोळीला आधीच बजावलं होतं, "पट्ट्यांमध्ये खोट निघाली तर सगळे घरी बसाल." धाकटीने ठरवलं, गुपचूप निस्तरू. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने खुणेभोवती चार शंकू ठेवले. चमकतं जॅकेट घालून शंकूंच्या मध्ये बसलेल्या माणसाला जगात कोणी काही विचारत नाही. तिने खुणेवर काळा रंग फिरवला, एकदा, दोनदा. खूण दिसेनाशी झाली. तिला हायसं वाटलं.

दुसऱ्या चाचणीला कडक ऊन होतं. दहापैकी नऊ वेळा ठोकळा खाली गेला.

इंजिनीअर बाईंनी वही मिटली. मुकादमाने खांदे उडवले. बस निघून गेल्यावर धाकटी वळणाच्या तोंडाशी गेली, गुडघ्यांवर आणि मग सरळ पोटावर आडवी झाली, हनुवटी डांबराला टेकवून कॅमेऱ्यासारखी बघायला लागली. तेव्हा तिला दिसलं. ताजा काळा रंग उन्हात काचेसारखा लखलखत होता. शेजारचे पांढरे पट्टे त्याच्यापुढे मळके वाटत होते. काल तिथे खूण होती, आज आरसा होता. तीस वर्षं रंगात हात घातलेल्या बाईला एवढं कळू नये? तिला स्वतःचाच संताप आला. तशीच आडवी पडून तिने डांबरावर मूठ आपटली आणि मग उठून, कपडे झटकून, सरळ कचेरीकडे निघाली.

कचेरी म्हणजे रस्त्याकडेला ठेवलेली पत्र्याची खोली. आत इंजिनीअर बाई तिसऱ्या चाचणीची वाट न पाहताच थांबा रद्द करण्याचा कागद तयार करत होत्या, शेजारी मुकादम चहा पीत होता.

"मॅडम, तो कागद लिहू नका," धाकटी म्हणाली. "दोष वळणाचा नाही. माझा आहे."

मुकादमाने पेल्याआडून डोळे वटारले. धाकटीने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि सगळं सांगून टाकलं. खोड काय, खूण कशी, कुठे, ती काळी कशी केली. एकही गोष्ट लपवली नाही.

इंजिनीअर बाई वयाने तिच्या निम्म्या. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "चाचण्या सुरू झाल्यापासून मी झोपलेली नाही. या मार्गावर बस जागोजागी किंचित हिसका देते. थांब्यांवर नाही, मधेच. मी कॅमेरा बदलला, चाकं बदलली, हिशेब सतरा वेळा तपासले. खरं सांगा. अशा खुणा अजून किती आहेत?"

धाकटीने खाली बघितलं. दुसऱ्यांच्या खुणा सांगणं तिच्या तोंडात येईना. मग मुकादमाने पेला खाली ठेवला, घसा खाकरला.

"माझे सात ठिपके आहेत," तो म्हणाला. "आणि मासे किती ते त्याला विचारावं लागेल."

"मासे?" इंजिनीअर बाई म्हणाल्या.

त्यांना हसू आलं की रडू, ते त्यांनाच ठरवता येईना. पण ते ओसरल्यावर त्यांचा आवाज पुन्हा कोरडा झाला. "शेवटची चाचणी परवा, गुरुवारी आहे. तारीख पुढे ढकलायचा अधिकार माझ्याकडे नाही. तो तुकडा कापून नवीन डांबर घातलं तर बसायला आठवडा जाईल. यंत्राने घासलं तर खालची खडी उघडी पडेल, ती पांढरीच दिसते. सांगा, काय करू?"

"यंत्र नको. हाताने काढते. छिन्नीने, खपली खपली करून. डांबराला ओरखडा उठणार नाही."

"वीतभर जागा? दोन थर रंग?"

"मॅडम, तो मी लावलाय. कसा बसलाय ते मला माहीत आहे. मला फक्त लेखी हुकूम द्या."

बाईंनी आधीचा कागद उलटा केला आणि त्याच्याच मागे हुकूम लिहून दिला.

बुधवारी सकाळी साडेसात वाजता धाकटी रस्त्यावर बसली. गुडघ्यांखाली जुनी उशी, हातात सर्वांत बारीक छिन्नी आणि हलकी हातोडी. जोरात मारलं तर खडी फुटते, हळू मारलं तर रंग हलत नाही. या दोन्हींच्या मधला घाव शोधण्यातच पहिला अर्धा तास गेला. मग तो सापडला. टुक, टुक, टुक. नखाएवढी खपली निघे, ती ती बोटाने उचलून डब्यात टाकी. वर काळा, खाली पांढरा. ऊन चढलं. पाठ भरून आली, बोटांना रग लागली, डाव्या अंगठ्यावर हातोडी बसून नख काळं झालं. शेजारून गाड्या जात होत्या, एकाने काच खाली करून विचारलं, "काही हरवलंय का?" तिने मानसुद्धा वर केली नाही. एकच गोष्ट मनात धरली होती, उद्या तो ठोकळा पडता कामा नये. बाकी जग गेलं खड्ड्यात.

अकराच्या सुमाराला खिडकी उघडली.

"चहा ठेवलाय," ताई म्हणाली.

"नंतर."

"निवेल."

"निवू दे."

ताई खिडकीतून वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "बस जिथे दचकते तीच ही जागा."

"हो."

"आणि इथेच ती खूण होती."

धाकटीचा हात थांबला.

"त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझ्यासाठी काढली आणि तुझाच रस्ता अडवला, हे सांगू?" धाकटीचा आवाज चढला. "तीस वर्षं नुसतं सांगत आले तुला. एक तरी दाखवावी म्हटलं."

ताई रडत नसे. रडण्यापेक्षा चुका काढणं तिला सोपं जाई. थोड्या वेळाने म्हणाली, "शेपूट छान आली होती." आणि मग, "डाव्या कोपऱ्यात अजून राहिलंय. नीट बघ."

खरंच राहिलं होतं.

दुपारी दोन वाजता शेवटची खपली निघाली. धाकटीने जागा ब्रशने झाडली, धुतली, वाळू दिली, मग रस्त्यावरचीच बारीक कच मुठीत घेऊन तळहाताने चोळत राहिली, नव्याचा काळा जुन्याच्या काळ्यात मिसळेपर्यंत. मग पुन्हा पोटावर आडवी होऊन वळणाच्या तोंडाकडून पाहिलं. दोन तुटक पांढरे पट्टे आणि त्यांच्यामध्ये नुसता रस्ता. तीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्या कामाचा मागमूस दिसत नाही याचा तिला आनंद झाला. एवढ्यात मुकादम आला, त्याच्याही हातात छिन्नी होती. "पाच निघाले," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "दोन कुठे काढले तेच आठवत नाही. म्हातारा झालो बघ."

गुरुवारी आकाश निरभ्र होतं. जसं नको होतं तसंच ऊन. बस वळणातून आली, सरळ झाली. खिडकीसमोर आली तेव्हा धाकटीने डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनी ती ठोकळ्याच्या टक्क आवाजाची वाट पाहत होती. तो आला नाही. तिने डोळे उघडले. इंजिनीअर बाईंच्या हातात ठोकळा होता, फटीवर आडवा अडकलेला.

दुसरी फेरी, तिसरी, चौथी. खिडकीत ताई दर फेरीला कागदावर खूण करत होती. सातव्या फेरीला ठोकळा एका बाजूने जरा कलला. इंजिनीअर बाईंनी तो नीट धरला, पुन्हा ठेवला, अडकला. नववी झाली. दहाव्या फेरीला ड्रायव्हरनेच बस थांबवून खिडकीतून वाकून विचारलं, "काय?" आणि बाईंनी ठोकळा वर करून त्याला दाखवला. मुकादमाने टाळी वाजवली. धाकटीला टाळी वाजवता आली नाही. ती फलाटाच्या कडेला तशीच खाली बसली.

पुढच्या महिन्यात मार्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी सकाळी धाकटीने रजा टाकली, धुतलेले कपडे घातले, पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, औषधं आणि दोघींपुरता खाऊ भरला. या दिवसाचं चित्र तिने मनात शंभरदा रंगवलं होतं. ताई खिडकीशी आणि आपण तिच्या शेजारच्या जागेवर, आणि आपण बोट दाखवून सांगतोय, हे बघ, ते बघ.

ताई फलाटावर आली. मांडीवर एक जुनी वही होती. बस वळणातून आली, सरळ झाली, न दचकता येऊन चिकटली. दार उघडलं. धाकटी सवयीने खुर्चीच्या मागे गेली आणि दोन्ही हात मुठींवर ठेवले.

"सोड," ताई म्हणाली.

"अगं, फक्त आत जाईपर्यंत."

"धाकटे, सोड. आणि तू येऊ नकोस."

धाकटीने हात काढले. ताईने चाकांना जोर दिला. पुढची छोटी चाकं फटीवरून गेली, इतकी सहज की आवाजही झाला नाही. मागे रांगेत चार-पाच जण होते. कोणी काही म्हणालं नाही, कोणी बघितलंही नाही. दार मिटलं आणि बस ताईला घेऊन चढ चढून गेली.

धाकटी पिशवी धरून फलाटावर उभी राहिली. हात रिकामे वाटत होते. इतकी वर्षं त्यांना जे वजन माहीत होतं ते निघून गेलं होतं. तिला रडू आलं. ते आनंदाचं आहे अशी तिने स्वतःची समजूत घातली नाही. निम्मं आनंदाचं होतं. उरलेलं निम्मं दुखऱ्या मनाचं होतं, आणि एवढं करून मला शेजारची जागाही नाही का, असं ते म्हणत होतं. ती घरी गेली नाही. फलाटाच्या बाकावर बसली, दोघींचा खाऊ एकटीनेच खाल्ला आणि येणारी प्रत्येक बस बघत राहिली. तीन तास गेले, चार गेले.

दीडच्या बसमधून ताई उतरली. केस वाऱ्याने विस्कटलेले, नाक उन्हाने लाल, चाकांना चिखल. धाकटी धावत गेली आणि खुर्चीला हात लावायचा नाही हे आठवून मधेच थांबली.

"कुठे होतीस? जीव टांगणीला लावलास माझा!"

ताईने मांडीवरची वही उघडून तिच्यापुढे धरली. पानावर ताईच्या गोल अक्षरांत यादी होती, तीस वर्षांची. बाजार चौक. पाण्याची टाकी. दवाखान्याचं फाटक. शाळेचा कोपरा. धाकटीने रोज संध्याकाळी सांगितलेला प्रत्येक पत्ता ताईने टिपून ठेवला होता. पानामागून पानं भरली होती. त्यातल्या सहा नावांपुढे आज लाल पेनने खूण केली होती. आखूड पाय, लांब शेपूट.

"सहा सापडल्या," ताई म्हणाली. "टाकीपाशीची सुरेख आहे. दवाखान्याची पुसत आली, परत काढ, ती काही बसच्या वाटेत नाही. आणि बाजार चौकातली वाकडी आहे. तू मला सुतात आहे म्हणून सांगितलं होतंस."

धाकटी म्हणाली, "त्या दिवशी पाऊस होता."

"कारणं नकोत," ताई म्हणाली, आणि चाकांना जोर देऊन घराकडे वळली. "उद्या साडेआठच्या बसने जायचंय. यादी मोठी आहे. तूही ये, वाकड्या आहेत त्या तुला दाखवते."